जावयाचा डाव आणि सासऱ्याचा ढोल

बा कपाम्ब्वे यांचा कशावरच विश्वास नव्हता. बाजारात अंडी घेताना प्रत्येक अंडं कानाशी नेऊन हलवून बघायचे. रेडिओनं उद्या ऊन पडेल असं सांगितलं की छत्री दाराशी काढून ठेवायचे. घड्याळं दोन वापरायचे, एक मनगटावर आणि एक खिशात. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "एकटं घड्याळ थापा मारतं. दोन असली की एकमेकांचा धाक राहतो."

आता हा दोष खाणीचा. एकतीस वर्षं ते म्पुतालाच्या तांब्याच्या खाणीत दोन नंबरच्या शाफ्टवर, म्हणजे खाली उतरायच्या विहिरीवर, घंटेला होते. चाळीस माणसं भरलेला पिंजरा पाताळात जायचा तो यांच्या घंटेवर. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली. तीन म्हणजे माणसं वर. यंत्र चालवणाऱ्याला पिंजरा दिसत नाही, पिंजऱ्यातल्यांना यंत्रवाला दिसत नाही. सगळा कारभार त्या ठोक्यांवर. एक ठोका चुकला तर चाळीस घरांतल्या चुली विझायच्या. असं काम केलेल्या माणसानं जगावर भरवसा ठेवावा तरी कसा? आमच्या वस्तीत पोरं बोलायला शिकायच्या आधी ठोके शिकतात. लपाछपीतसुद्धा कुणी एक टाळी वाजवली की जागच्या जागी उभं राहायचं, हा इथला नियम.

मी न्झिमा, शिंपी. खाणीत कधी उतरलो नाही. उतरणाऱ्यांच्या डगल्यांना ठिगळं लावण्यात जन्म गेला. मी न्गोनी जमातीचा आणि कपाम्ब्वे बेम्बा जमातीचे, म्हणजे पणजोबांपासून एकमेकांची टिंगल करायचा आम्हाला परवाना आहे. ते मला उंदीरखाऊ म्हणतात, मी त्यांना माकडखाऊ म्हणतो. नवा माणूस हे ऐकून भांडण सोडवायला धावतो. खरं तर ज्या दिवशी शिवी ऐकू येत नाही, त्या दिवशी आम्ही एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायला जातो.

निवृत्त झाल्यावर कपाम्ब्वेंचे हात रिकामे झाले. घंटेवर एकतीस वर्षं पडलेला हात मोकळा राहिला की शिवशिवतो. ते जेवताना ताटलीवर बोटं आपटायचे, चर्चमध्ये बाकावर आपटायचे, एकदा तर पुढच्या बाकावरच्या माणसाच्या टकलावर आपटली. म्हणून म्पुताला मायनर्स या आमच्या फुटबॉल संघाचा जुना ढोलवाला लुसाकाला मुलाकडं राहायला गेला तेव्हा बायकोनंच सुचवलं, "अहो कासुबाचे बाबा, तो ढोल तुम्ही घ्या. निदान माझ्या ताटल्या तरी वाचतील."

असा त्या मोसमापासून ढोल त्यांच्याकडं आला. आणि त्याच मोसमापासून संघाचं काय बिघडलं ते कुणाला कळेना.

हरणं आम्हाला नवं नव्हतं. पण आधी हरायचो त्याला काही रीत होती. समोरचा चांगला खेळला, आपला वाईट खेळला, रेफरी समोरच्याचा मेहुणा होता, संपलं. यंदाचं हरणं बघवत नव्हतं. आमचा पुढचा गडी तीन माणसांना चकवून गोलसमोर यायचा, आता पाय उचलणार एवढ्यात थबकायचा, खिशातलं काही घरी विसरल्यासारखा. बचावाचे दोघं चेंडू सोडून मागं पळत सुटायचे. मधले चौघं एकमेकांकडं बघत उभे. कोण कुठं जाणार, चेंडू कुणाला देणार, काही धरबंध नाही. मागच्या बाजूला खाणीच्या काळ्या मळीचा डोंगर आणि पुढं हा खेळ. बघणाऱ्यानं जीव कुठं रमवावा?

"यांना डावच ठाऊक नाही!" वेब्स्टर ओरडायचा. वेब्स्टर मिनीबस चालवतो आणि स्वतःला संघाचा मालक समजतो. "नुसते अकरा लोक सोडलेत. कोंबड्या सोडतात तसे!"

"कोंबड्यांना निदान दाणे कुठं पडलेत ते माहीत असतं," मागून कुणीतरी म्हणायचं.

मग सगळ्यांची तोंडं हळूच कपाम्ब्वेंकडं वळायची. कारण आमचा कोच एलायजा सिम्फुक्वे हा त्यांचा जावई होता.

"बा कपाम्ब्वे, तुम्हाला तर माहीत असेलच. डाव काय आहे?"

"मला काय माहीत?"

"बरं बरं. घरातली गोष्ट घरातच राहू द्या, मुक्वाय." मुक्वाय हा आमच्याकडचा मानाचा शब्द, पण वेब्स्टर तो असा म्हणायचा, की त्यापेक्षा शिवी बरी.

आणि कपाम्ब्वेंना खरोखरच काही माहीत नव्हतं. आमच्या रीतीत जावई सासरच्या घरात पाऊल टाकत नाही, सासूसमोर जेवत नाही, सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. वाटेत सासरा दिसला तर रस्ता सोडून उभा राहतो आणि जमिनीकडं बघतो. एक दिवस सासरचे रीतसर रांधून, गाणी म्हणून त्याला जेवायला बोलावतात आणि घरात घेतात. त्या दिवसापासून तो पोटचा पोर. तोवर जे काही बोलायचं ते लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थामार्फत. तो मध्यस्थ मी.

लग्नाला दोन वर्षं झाली, नात झाली, तिला लूसे नाव ठेवलं, लूसे रांगायला लागली, तरी ते जेवण राहिलेलंच. बायकोनं विषय काढला की कपाम्ब्वे म्हणायचे, "थांब जरा. माणूस कसा आहे ते बघू आधी." अंडं कानाशी धरून दोन वर्षं हलवणं चाललं होतं.

अशात क्लबच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की संघ खालच्या लीगमध्ये घसरला तर कोचला नारळ. सामने उरले चार, आणि घसरायला एक पायरी. कोचला नारळ म्हणजे सिम्फुक्वे आपल्या गावी नाकोंडेला जाणार, टांझानियाच्या सीमेवर, बसनं पूर्ण एक दिवस आणि वर थोडं. त्याच्यासोबत त्याची बायको, म्हणजे कपाम्ब्वेंची कासुबा, जाणार आणि तिच्या पाठीवर लूसे. रोज सकाळी लूसे आजोबांच्या अंगणात यायची, त्यांचं खिशातलं घड्याळ तोंडात घालायची, आणि जगातला हा एकच व्यवहार असा होता, की ज्यात कपाम्ब्वेंना संशय येत नसे.

ते माझ्या दुकानात आले आणि मशीनवर बोटं आपटत म्हणाले, "उंदीरखाऊ, माझी नात जाणार."

"मग जावयाला जिंकायला सांगा."

"सांगू काय? त्याच्याकडं डाव असेल तर तो जिंकेल. माझा संशय आहे, की डाव नाहीच. किंवा आहे आणि तो लपवतोय. यातलं वाईट कुठलं ते अजून माझं ठरत नाही."

पुढच्या शनिवारी त्यांनी सामना पाहिलाच नाही. ढोल बडवत राहिले, पण नजर सगळा वेळ बाकावर बसलेल्या जावयावर. वहीत लिहूनही घेत होते. सामना आम्ही दोन गोलांनी हरलो. संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडं आले.

"हे बघ. तेराव्या मिनिटाला त्यानं टोपी काढली. लगेच आपला गडी थबकला. एकविसाव्याला टोपी काढली, आपले दोघं मागं पळाले. चाळिसाव्याला टोपी जमिनीवर आपटली, गोल झाला."

"आपल्यावर."

"आपल्यावरच! म्हणजे टोपीत काहीतरी आहे. टोपीनं इशारे करतो तो. पण इशारे कुणासाठी?" त्यांनी आवाज खाली आणला. "जा आणि विचार. आडून विचार. टोपीचं नाव काढू नको."

मी गेलो. सिम्फुक्वे घराच्या मागं खेळाडूंचे बूट धूत होता. मध्यस्थ आला म्हणताच हात पुसून, गुडघ्यावर बसून त्यानं टाळ्या वाजवत मला मान दिला. मुलगा चांगल्या वळणाचा. इतका चांगल्या वळणाचा, की हा कुणाला हरवेल कसा, अशी मला शंका आली.

"सासरेबुवा विचारतात," मी म्हटलं, "टोपी कुठं घेतली?"

आडून विचारायचं ते मला एवढंच जमलं.

त्यानं ओला बूट पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "बाटातांना सांगा, सगळं ठीक आहे. ढोल फार छान वाजवतात ते." बाटाता म्हणजे आमच्याकडं बाबा; सासऱ्यालाही तेच म्हणायचं. "पण या वयात हात दुखत असतील. पुढचा सामना त्यांनी आराम केला तरी चालेल. आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

हा निरोप मी शब्दाला शब्द पोचवला. मध्यस्थानं एवढंच करायचं असतं. अर्थ लावायचा धंदा त्याचा नव्हे. अर्थ कपाम्ब्वेंनी लावला.

"आराम? मला? का?" ते उठून उभे राहिले. "समजलं. मी बाकाच्या बरोबर समोर बसतो. मी नसलो की ह्याला टोपी मोकळी! पाणी मुरतंय, न्झिमा. पुढच्या खेपेला दुप्पट जोरात वाजवणार."

पुढची खेप बाहेरगावी होती, न्डोलाला. वेब्स्टरच्या मिनीबसमध्ये आम्ही एकवीस जण कोंबले गेलो, आणि एरवी कसाबसा मावणारा बाविसावा ढोल या खेपेला काही केल्या आत शिरेना. छतावर बांधावा तर दोर नव्हता. ढोल घरी राहिला आणि आम्ही गेलो.

आणि जिंकलो. तीन गोलांनी. नुसते जिंकलो नाही. चेंडू या पायातून त्या पायात असा फिरत होता, की जणू त्याला घरचा पत्ता ठाऊक आहे. डावीकडून आत, मागं, उजवीकडं मोकळा माणूस, गोल. दुसरा तसाच. तिसरा तसाच. न्डोलाचे लोक टाळ्या वाजवत होते.

आम्ही परतताना मिनीबसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही. सगळे विचारात पडले होते.

"बाहेर येतं आणि घरी येत नाही," वेब्स्टर स्टिअरिंगवरून मान वळवून म्हणाला. "याचा अर्थ काय?"

"पुढं बघ, पुढं!"

"याचा अर्थ घरचे सामने कुणीतरी विकतंय."

"किंवा घरच्या मैदानात काहीतरी पुरलंय."

दुसऱ्याच दिवशी चौघांनी कुदळी घेऊन आमच्या गोलच्या दोन्ही खांबांखाली खणलं. एका बुटाचा तळवा, एक चहाचा चमचा आणि तारेची वेटोळी निघाली. बुटाचा तळवा डाव्या पायाचा होता, यावर तीन दिवस चर्चा झाली. चमचा बानाम्पुंडूनं ओळखला. बानाम्पुंडू म्हणजे जुळ्यांची आई; गुत्ता तिचा. "माझाच आहे," ती म्हणाली, "आणि कुणी नेला तेही मला माहीत आहे." एक जण लगेच उठून घरी गेला.

त्यानंतरचा सामना घरी. खड्डे बुजवले होते. कपाम्ब्वेंनी शब्द पाळला. ढोल दुप्पट जोरात. आणि त्या दिवशी लॅक्सननं कमाल केली. लॅक्सन आमचा गोलकीपर. आठवडाभर खाणीत पाताळात काम करतो, शनिवारी गोल राखतो. चेंडू त्याच्याकडं गोगलगायीसारखा घरंगळत येत होता. लॅक्सन वाकला, हात पुढं केले, आणि तसाच राहिला. चेंडू त्याच्या दोन हातांच्या मधून, त्याच्या डोळ्यांदेखत, आत गेला. तो अजून वाकलेलाच.



मग मात्र लोक खवळले. संध्याकाळी कोचला बानाम्पुंडूच्या गुत्त्यावर बोलावणं गेलं: ये आणि सगळ्यांसमोर डाव सांग. तो आला. कोपऱ्यात सासरा बसलेला पाहून दारातच अडला, नजर खाली घालून कडेनं आत आला आणि टेबलाच्या पलीकडल्या टोकाला बसला. मी मध्ये.

वेब्स्टरनं बिअरची बावीस बुचं टेबलावर ओतली. "मांड."

सिम्फुक्वेनं बुचं मांडली.  हा इथून इथं आला की तो तिथून मागं सरकतो. समोरचा त्याच्या मागं जातो. तेवढ्यात ही जागा मोकळी होते. हा त्या जागेत. बुचं सरकत होती आणि गुत्त्यातली माणसं टेबलावर वाकत चालली होती. शिंप्याच्या डोळ्यानं सांगतो, ते कापड बेतण्यासारखं होतं. कुठंही चिंधी वाया जात नव्हती.

"अरे, हा तर डाव आहे!" कुणीतरी म्हणालं.

"हाच न्डोलाला खेळले!"

"मग," वेब्स्टरनं टेबलावर मूठ आपटली, "मग हा घरी का खेळत नाहीत? कोण आडवं येतं? नाव सांग!"

सिम्फुक्वेनं तोंड उघडलं. त्याची नजर टेबलावरून हळूहळू कपाम्ब्वेंच्या बुटांपर्यंत गेली, तिथं थांबली. त्यानं तोंड मिटलं.

"सांग ना!"

"मला सांगता येत नाही, मुक्वाय."

झालं. गुत्त्यात एकच गलका. ह्यानंच विकलाय. अध्यक्षांनी विकलाय. खेळाडूंनी विकलाय. त्या गोंधळात सिम्फुक्वे उठून गेला. बाहेर पडताना वेब्स्टर कपाम्ब्वेंपाशी वाकून म्हणाला, "त्यानं तुमच्याकडं पाहिलं. आम्ही पाहिलं त्यानं पाहिलेलं."

कपाम्ब्वे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मी सोबत होतो. "शेवटचा सामना घरी आहे," ते बायकोला म्हणाले. "जिंकलो नाही तर लूसे नाकोंडेला. आणि तो माझ्याकडं बघून गप्प बसला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलंच पाहिजे. न्झिमाला पुन्हा पाठवतो."

"न्झिमाला पाठवून काय होणार?" बाई पातेलं घासता घासता म्हणाल्या. "दोन वर्षं निरोपच चाललेत. बिचारा न्झिमा खेटे घालतोय. तोंडानं विचारायचं आहे ना? मग आधी जेवायला घाला."

"आत्ता? अजून माणूस नीट—"

"नीट बघून होईपर्यंत लूसे शाळेत जाईल. तीही नाकोंडेच्या."

त्या बोलण्यावर कपाम्ब्वेंनी दोन्ही घड्याळं पाहिली आणि मान हलवली.

गुरुवारी दुपारी जेवण झालं. बायका डोक्यावर पातेली घेऊन गात आल्या, अंगणात चटयांवर पातेल्यांची रांग लागली. एकेक झाकण काढून जावयाला दाखवायचं: हे आमच्या घरात शिजतं, हे तुला चालतं का बघ. दाण्याच्या कुटातली भाजी, सुकी मासळी, कोंबडी अख्खी, भाजलेल्या अळ्या, अळंबी, आणि न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, वाफाळता मोठा गोळा. जावयासोबत त्याचा मित्र म्हणून लॅक्सन आला होता. त्या सोडलेल्या गोलानंतर त्याला वस्तीत दुसरं कुणी जेवायला बोलावत नव्हतं. गाणाऱ्या बायका परतल्यावर चटईवर उरले ते घरचे, त्यांत कासुबाही, शिवाय लॅक्सन आणि मध्यस्थ म्हणून मी. सासूनं जावयाच्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "आजपासून हे घर तुझं. भूक लागली तर बोल, दुखलं तर बोल, पटलं नाही तर तेही बोल."

सिम्फुक्वेनं पहिला घास घेतला. तो गिळायचीही वाट न पाहता कपाम्ब्वे म्हणाले, "बोल."

"बाटाता?"

"तुला सांगता येत नव्हतं. आता येतं. घरी डाव का चालत नाही?"

सिम्फुक्वेनं घास गिळला. लूसे त्याच्या मांडीवर होती, तिच्याकडं बघत तो म्हणाला, "बाटाता, ढोलामुळं."

कपाम्ब्वेंनी कानामागं तळहात धरला.

"आपला माणूस गोलपाशी पोचला, नाहीतर चेंडू लॅक्सनच्या हातांत येणार असला, की तुम्हाला संशय येतो, चुकणार म्हणून. वाजवणं तोडून तुमचा हात एकच ठोका मारतो. मोठा. समोरचे चाल करून आले की तुम्ही घाबरून दोन मारता. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली. मी मैदानावर काही सांगितलं तरी पोरांचे पाय तुमचं ऐकतात. निम्मी पोरं खाणीत जातात, निम्मी खाणवाल्यांची. तो ठोका ज्यानं ऐकला नाही तो घरी परत येत नाही, असं ऐकत वाढलीत ती. मी टोपी काढायचो ती तुमच्या ठोक्यानंतर, बाटाता. डोकं तापायचं म्हणून."

कपाम्ब्वेंनी वही काढली, पानं उलटली, मिटली. "हे तू निरोपात का नाही सांगितलंस?"

"घरात घेतलं नाही त्या जावयानं सासऱ्याची तक्रार मध्यस्थाकडून पाठवायची? कासुबालाही नाही सांगितलं. तिनं सांगितलं असतं तर संध्याकाळी तुमच्यापर्यंत आलंच असतं."

"ह्याला पुरावा काय?" कपाम्ब्वे म्हणाले. त्यांचा स्वभाव असा एका जेवणात थोडाच जाणार. "बोलायला काय, कुणीही बोलेल. ढोल म्हणे!"

त्यांनी बाजूचं झाकण उचललं आणि चमच्यानं त्यावर एकच ठोका मारला. ठण्ण.

लॅक्सनच्या हातात न्शिमाचा घास होता, ओठांपासून बोटभर लांब. तो तिथंच राहिला. डोळे उघडे, तोंड उघडं, घास अधांतरी. बाकीचे त्याच्याकडं बघत राहिले. पाण्याचा लोटा घेऊन चाललेल्या सासूबाई एक पाय पुढं टाकून उभ्या. आणि खुद्द कपाम्ब्वेंचा चमचा हवेत.

लॅक्सनच पहिल्यांदा भानावर आला. ओशाळून म्हणाला, "बाटाता, बारा वर्षं त्या ठोक्यावर जिवंत आहे मी. तुमच्याच ठोक्यावर. चेंडू दिसत होता मला. हातांना म्हणत होतो, हला. हात म्हणाले, घंटा झाली."

यावर कुणाला हसू आलं असेल तरी ते बाहेर आलं नाही. कपाम्ब्वेंनी झाकण हळूच, आवाज न करता, जमिनीवर ठेवलं.

"कोंबडी गार होतेय," त्यांच्या बायकोनं म्हटलं.

शनिवारी कपाम्ब्वे ढोल घेऊन आले. न आणावा तर लोक विचारणार. आणि खरं सांगावं तर एका म्हाताऱ्याच्या शिवशिवणाऱ्या हातानं अख्खा मोसम बुडवला असा बोभाटा. म्हणून आम्ही एक युक्ती केली होती: ढोलावर मी बसलो. तरी त्यांचे हात मोकळे होते. त्यावर तोड त्यांच्या बायकोनं काढली. सामना सुरू व्हायच्या आधी त्या आल्या आणि लूसेला त्यांच्या दोन्ही हातांत देऊन गेल्या. "सोडू नका," एवढंच म्हणाल्या.

"ढोल का नाही?" वेब्स्टर दहाव्या मिनिटाला मागं वळला.

"हात दुखतात," मी म्हटलं.

"तुला कोण विचारतंय? ह्यांना विचारतोय. शेवटचा सामना, आणि आजच हात दुखतात?" त्यानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या शेजाऱ्यानं पुढच्याच्या. संशय कसा रांगेरांगेनं खाली उतरत गेला ते आम्ही वर बसून बघितलं.

मैदानावर मात्र बुचं सरकायला लागली होती. हा इथून इथं, तो मागं, ती जागा मोकळी. आमचा गडी गोलपाशी पोचला की माझ्या शेजारी कपाम्ब्वेंचं सगळं अंग ताठ व्हायचं. हाताची बोटं लूसेच्या पाठीवर अशी काही थरथरायची, की तिला गुदगुल्या होऊन ती खदखदायची. एकदा ती पुढं झेपावली आणि ढोलाच्या कडेवर, माझ्या मांडीच्या बाजूला, तिनं तळवा उगारला. आजोबांनी तो वरच्या वर झेलला आणि मुठीत धरून ठेवला. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

पहिला गोल पाऊण तासाच्या आत झाला. दुसरा आम्ही खाल्ला. बरोबरी म्हणजे नाकोंडे. शेवटच्या पंधरा मिनिटांत वेब्स्टरला धीर निघेना. "वाजवा हो! पोरांना जोर येऊ द्या! न्झिमा, ऊठ तिथून!"

"मी बसलोय ते बरं बसलोय."

"ऊठ म्हणतो ना, उंदीरखाऊ!"

"ए," कपाम्ब्वे गुरकावले, "त्याला उंदीरखाऊ फक्त मी म्हणायचं."

तेवढ्यात चेंडू डावीकडून आत आला. मागं गेला. उजवीकडं मोकळ्या माणसाकडं. तो गोलसमोर पोचला. कपाम्ब्वेंनी डोळे मिटून घेतले. नातीच्या केसांत तोंड खुपसून ते पुटपुटत होते, आणि मला ऐकू आलं ते इतकंच: "जा, जा, जा."

तो गेला.

शिटी वाजली तेव्हा लोक कुंपणावरून उड्या टाकून मैदानात धावले. वेब्स्टर सर्वांच्या पुढं. धावता धावता तो ओरडत होता, "मी म्हणत नव्हतो? खड्डा खणला म्हणून झालं!" दुसरे म्हणत होते, ढोलातच करणी होती, बघा, आज वाजला नाही आणि जिंकलो. आजही तुम्ही बानाम्पुंडूच्या गुत्त्यावर गेलात तर चमच्याचा पक्ष आणि ढोलाचा पक्ष वेगवेगळ्या टेबलांवर बसलेले दिसतील. खरं काय ते आम्ही सहा जण जाणतो. आणि लूसे.

मैदानातल्या गर्दीतून सिम्फुक्वे कुंपणापाशी आला. टोपी हातात होती. सगळ्यांदेखत त्यानं मान वर करून सासऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. दोन वर्षांत मी हे पहिल्यांदा बघत होतो.

"बाटाता," तो म्हणाला, "आता वाजवा."

मी उठलो. लूसेला माझ्याकडं दिलं. कपाम्ब्वेंनी हात चोळले, ढोलाकडं जरा संशयानंच पाहिलं, आणि मग ठोके मारले. एक. दोन. तीन.

मैदानावर लॅक्सननं मान वर केली. खाणीतली पाळी संपते तेव्हा पिंजऱ्यात माणसं ज्या चेहऱ्यानं उजेडाकडं बघतात, त्या चेहऱ्यानं.

जावई गेल्यावर ढोल खांद्याला अडकवताना कपाम्ब्वे माझ्या कानाशी आले.

"न्झिमा, एक सांग. तो दुसरा गोल आपण खाल्ला, तेव्हा त्यानं टोपी काढली होती का रे?"